ड्रायव्हरच्या डोक्यावरचा आरसा

विनाचालक बस कशी असावी, ते लोकांनीच सांगायचं होतं. सभागृहात मोठा पांढरा फळा लावला होता आणि एकेकाने येऊन बसचा एकेक भाग काढायचा होता. कुणी चाकं काढली, कुणी दारं.

शेवटची खिडकी झाली, तेव्हा पुढच्या सीटवर एक पाठमोरा माणूस बसलेला दिसला.

"हा चावटपणा कुणाचा?" सभा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं. कुणीच कबूल करेना. साहेबांनी तो पुसला. मग एका बाईंनी दिवा काढला, तर माणूस पुन्हा तिथेच, या वेळी कानासकट. परत पुसला, तर आता गालही दिसू लागला. तो वळत होता.

शिवणकाम करणाऱ्या एक ताई आपल्या ड्रायव्हर भावाला ओढून घेऊन आल्या होत्या. या गाड्या आल्या की त्याची नोकरी जाणार होती.

"ताई, चल घरी," तो मान खाली घालून म्हणाला. "उगाच शोभा कशाला?"

"का म्हणून? मत मागितलंय ना, देऊन जाऊ."

त्या उठल्या. साहेबांनी फळा घासून घासून पुसला आणि बजावलं, "माणूस काढायचा नाही."

"नाही काढत."

त्यांनी ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो तो आरसा काढला. नुसती लांबट चौकट, आत काही नाही.

"विनाचालक बसला आरसा कशाला?" साहेब लोकांकडे वळून हसले.

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या आधी भाऊ उभा राहिला, मग पहिली रांग.

सीट रिकामीच होती. आरशात मात्र दोन डोळे उघडले होते, आणि ते साहेबांच्या पाठीवर खिळले होते.

"आता पुसा," ताई म्हणाल्या.