उजवीकडचा गियर

वडील गेले आणि मुलाने घरातली जुनी ब्रिटिश मोटारसायकल अडगळ म्हणून परस्पर विकून टाकली. वर्षभरात त्याच कंपनीने जुन्याच रूपाची नवी गाडी आणली. आई मुलाला घेऊन शोरूममध्ये गेली आणि सरळ गाडीवर बसली. तिचा उजवा पाय गियर शोधू लागला.

"काकू, गियर डावीकडे असतो," सेल्समन हसला.

"तो तुम्ही हलवलात. आमचा उजवीकडेच होता. किल्ली द्या, एक चक्कर मारून बघते."

मुलगा ओशाळला. "आई, या वयात? बाबांची गाडी गेली म्हणून इतका हट्ट?"

"बाबांची?" आईने हेल्मेटचा पट्टा आवळला. "गाडी माझी होती. ते मागे बसायचे. तू पोटात होतास, म्हणून मी उतरले. आता बसतोस मागे, की येतोस चालत?"