आत कोण राहिलं

लातूरच्या एका कोचिंग क्लासमधले चार मास्तर सुट्टीत गोव्याला गेले आणि बोट ठरवून किनाऱ्याकिनाऱ्याने मरीनाकडे, म्हणजे बोटींच्या तळाकडे, निघाले. बोटीच्या डिझेलपासून माणसांच्या जेवणापर्यंत तिथं म्हणे सगळी सोय. गार वाऱ्यात त्यांच्यातले रेणुकादास सर सोबत आणलेल्या लेकीला कुशीत घेऊन केबिनमध्येच लवंडले. मरीनात शिरताना बोट काठाला दाणकन आदळली. "भूकंप! बाहेर पळा!" ओरडत सर उठले आणि थेट काठावर उडी मारून मोकळे झाले.

दोस्त पोट धरधरून हसले. "सर, किल्लारी लई मागं राहिली की हो!"

तेही हसले. तेवढ्यात पोर डोळे चोळत केबिनच्या दारात आली. "बाबा, मी आतच होते ना."

सरांचं हसू जागीच विरलं. त्र्याण्णवच्या त्या पहाटे वडील असेच एकटे बाहेर पळाले होते. ढिगाऱ्यातून रेणुकादासला गावानं काढलं. कळता झाल्यावर त्यानं वडिलांशी बोलणंच टाकलं होतं.

बाजूला जाऊन सरांनी इतक्या वर्षांनी वडिलांना फोन लावला.

"रेणू?" म्हाताऱ्यानं घाईनं विचारलं. "जमीन हलली का रे? लेकरू बाहेर काढलंस ना?"