‘नेहमी याच प्रोग्रॅमने उघडा’

चौकशीला आलेल्या मॅडमनी फाइलवर पुन्हा डबल क्लिक केलं. पुन्हा पडदाभर चौकोन, टिंबं आणि उलटीसुलटी अक्षरं सांडली.

"बघितलंत? फाइल बिघडलीय," सुपरवायझर म्हणाला. "किती वेळा उघडणार? मशीनमध्ये बिघाड होता एवढं लिहा आणि विषय संपवा."

ताई भिंतीलगतच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मागे तिचा धाकटा भाऊ उभा होता. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आज शटर ओढून आला होता.

कागदाच्या कारखान्याची ही कंट्रोल रूम. काचेतून खालचे रोलर दिसत. त्याच रोलरमध्ये ताईचा नवरा सापडला आणि गेला. मशीन बंद केल्याशिवाय रोलर पुसायचे नाहीत, हा नियम भिंतीवर लाल अक्षरांत रंगवलेला. मग त्या दिवशी मशीन चालू कसं? ऑपरेटर जेवायला गेला होता, त्याच्या खुर्चीत सुपरवायझर होता. त्याचं म्हणणं, बटण दाबलं पण मशीन थांबलंच नाही. खालचे आणि वरचे वॉकीटॉकीवर जे बोलतात ते या कॉम्प्युटरवर आपोआप रेकॉर्ड होतं. त्या दिवसाची फाइल होती. पण उघडत नव्हती.

"नियम तुम्हाला ठाऊक आहे," मॅडम ताईला म्हणाल्या. "कंपनीची चूक किंवा मशीनचा बिघाड निघाला, तर मिस्टरांच्या जागी तुम्हाला नोकरी आणि क्वार्टरही तुमच्याकडेच. त्यांची स्वतःची चूक निघाली, तर दोन्ही नाही."

"दाजींची कशाला निघेल?" भाऊ उसळला. "या रोलरवर केस पांढरे झाले त्यांचे."

"म्हणूनच म्हणतोय, बिघाड लिहा," सुपरवायझर म्हणाला. "ताईंचं काम होतंय ना?"

"आणि तुमचंही होतंय," भाऊ म्हणाला.

कारखान्यात माणूस मेला की सगळ्यांची जीभ अशीच मऊ होते. दुर्दैव म्हणायचं, बिघाड म्हणायचं, हार घालायचा आणि पुढच्या पाळीला भोंगा वाजवायचा. मारलं कुणी, हे विचारणारा तेवढा उद्धट ठरतो.

"मॅडम, मी बघू?" भावाने विचारलं.

"बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही!" सुपरवायझर जवळजवळ ओरडला.

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मी बसलेय इथे. बघा हो तुम्ही. फक्त फाइलमध्ये काही बदलायचं नाही."

"फाइलला हातही लावत नाही."

भावाने आधी ऑपरेटरने साठवलेलं एक गाणं लावलं. खणखणीत वाजलं. मग कालचं रेकॉर्डिंग उघडलं. पुन्हा तीच चौकोनांची रांगोळी. परवाचं उघडलं, तेही तसंच.

"स्पीकर ठीक आहे, गाणी वाजतात. मग रेकॉर्डिंगच्या सगळ्याच फाइली एकदम कशा बिघडतील?" तो म्हणाला. "मॅडम, कुठल्या प्रकारची फाइल कशात उघडायची हे कॉम्प्युटरला सांगून ठेवलेलं असतं. इथे सांगून ठेवलंय, आवाजाची फाइल टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये उघड. आता आवाज वाचायला बसवला तर दिसणार काय? कचरा."

"असं आपोआप होतं?"

"या कॉम्प्युटरवर नाही. माउसचं उजवं बटण दाबायचं, प्रोग्रॅम निवडायचा, वर 'नेहमी याच प्रोग्रॅमने उघडा' यावर टिक करायची. कुणीतरी खुर्चीत बसून, शांत डोक्याने केलंय हे."

सगळे सुपरवायझरकडे बघायला लागले. त्याने रुमालाने मान पुसली.

"पोरा," तो हळूच म्हणाला, "ताईचा विचार कर."

"धमकी देताय?"

"हात जोडतोय."

"आता जोडताय होय! तेव्हा कुठे होते हे हात?"

सुपरवायझर ताईकडे वळला. "ताई, तुम्ही तरी सांगा त्याला. पोरीची शाळा इथे आहे. खोली आहे. सही करा आणि घरी जा."

ताईने पर्स बाजूला ठेवली. "लाव रे," ती भावाला म्हणाली. "नोकरीचं मागाहून बघू. सगळे मला बिघाड, बिघाड सांगतात. चालू मशीनवर त्यांना कुणी घातलं, तेवढं ऐकू दे मला."

भावाने उजवं बटण दाबलं. यादीतून गाणी वाजवायचा प्रोग्रॅम निवडला. 'नेहमी'वर टिक केली. फोल्डरमधल्या रेकॉर्डिंगच्या फाइलींवर कागदाचं चित्र होतं, तिथे एका झटक्यात स्पीकरचं चित्र आलं.

"झालं. आता लहान पोराने उघडली तरी वाजेल."

मग तो दारापाशी गेला आणि दार सताड उघडलं. बाहेर पाळी सुटलेले कामगार घुटमळत होतेच. "या रे, ऐका सगळ्यांनी. उद्या कुणी म्हणायला नको की ऐकलं नाही." परत येऊन त्याने आवाज शेवटपर्यंत वाढवला. "मॅडम, लिहून घ्या."

मॅडमनी पेन उघडलं.

सुपरवायझर स्पीकरच्या वायरकडे झेपावला. दारातून आत आलेल्या दोघांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "आता का घाम फुटला, साहेब?" कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले.

भावाने डबल क्लिक केलं.

आधी खरखर. मग रोलरची घरघर. मग सुपरवायझरचा आवाज, चढलेला: "अरे, उतर खाली! मशीन बंद करू दे, मग आत जा! कितीदा सांगू तुला?"

आणि त्यावर दाजींचं मोकळं, मोठं हसू. "गेलोसुद्धा, साहेब! तुम्ही बटणापर्यंत पोचेस्तोवर माझं पुसून होतंय."