मेव्हण्याचा दोर

धुळाजीनं कमरेला दोर आवळला, दोनदा हिसका देऊन पाहिला आणि दुसरं टोक मेव्हण्याच्या हातात दिलं.

"धर सटवा. अन् डुलक्या घेऊ नको बे."

"न्हाई घेत, दाजी," सटवा म्हणाला.

घारकड्याचं नाव काढलं की आष्टीच्या बाजाराला जाणारी माणसं कानाला हात लावायची. कडा सरळ उभा. वरून दहा माणसांच्या उंचीइतकं खाली कपारीत आग्या मोहोळं लागायची. तिथवर कुणा जुन्या माणसानं छिन्नीनं पावलापुरत्या खोबण्या खोदल्या होत्या. पण मधे एका जागी कडा आत गेलेला. तिथं पाय टेकायला जागा नाही की धरायला काही नाही. तेवढ्यापुरता माणूस दोरावर. या वाटेनं आजवर सात माणसं खाल्ली होती.

पहिले तिघं गेले तेव्हा दोर सख्खा भाऊ धरायचा. तिसऱ्याच्या वेळी गावाच्या डोक्यात उजेड पडला. भाऊ मेला की त्याची मेंढरं अन् रान कुणाला? भावालाच की! मग म्हाताऱ्यांनी देवळात बसून ठरवलं, दोर बायकोच्या भावानं धरायचा. आपल्या बहिणीचं कपाळ कोण पांढरं करील? शिवाय बायकोनं भावाच्या मागं बसायचं आणि नवरा वर आला की त्याच्या पायावर पाणी घालायचं. बाकीच्यांनी माश्यांच्या भीतीनं लांब बाभळीपाशी थांबायचं.

त्यानंतरही चौघं पडलेच. पण मेव्हण्यावर संशय घ्यायला कुणाची जीभ रेटली नाही. निजामाचा पोलीस अमीन घोड्यावरून यायचा, 'माश्या उठल्या, दोर निसटला' असा पंचनामा लिहायचा आणि कोंबडी खाऊन जायचा.

यंदा मात्र आप्पांच्या जिवाला घोर होता. गावात तेच वडीलधारे. महिन्यापूर्वी सटवा बहिणीला माहेरी न्यायला आला, तर धुळाजीनं काठी घेऊन त्याला शिवेपर्यंत पिटाळलं होतं. आणि आज त्याच सटवाच्या हातात धुळाजीचा जीव. तहसीलदाराकडं चैत्रातला मध गेलाच पाहिजे, आणि धुळाजीसारखा उतरणारा पाच गावांत दुसरा नव्हता.

आप्पांनी सटवाला बाजूला घेतलं. "पोरा, मनात काही न्हाई ना?"

"माझ्या मनात काय असायचं, आप्पा? मी अक्काच्या शब्दाभाईर न्हाई."

आप्पांना बरं वाटलं. धुळाजी तर हसलाच.

"आप्पा, तुमी लई काळजी करता. ही मागं बसलीया तवर मला काय धाड भरतीया?"

सारजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन भावाच्या मागं बसली होती. डावा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. आडावर पाय घसरला, असं धुळाजीनं सांगितलं होतं आणि गावानं ऐकून घेतलं होतं. तिच्याजवळ भामाबाई बसली होती, मागच्या साली इथूनच पडलेल्या त्रिंबकची बायको. ज्या कड्यानं आपलं कुंकू नेलं तिथं दुसरीला धीर द्यायला आली, म्हणून आप्पांचे डोळे पाणावले. एवढं काळीज कुणाचं असतं?

पाठीला हंडा बांधून धुळाजी उतरला. एकेक खोबणी चाचपत, पोट दगडाला चिकटवून. मग कडा आत गेला तिथं तो दोरावर लोंबकळला. सटवानं दगडाला टाच रोवली आणि दोर इंचाइंचानं सोडला. खालून शेणकुटाचा धूर वर आला, पाठोपाठ माश्यांचं घोंगावणं.

बायकांनी घोंगडी ओढून घेतली. सटवाला कुठलं घोंगडं? एक माशी भुवईला डसली, एक ओठाला, दोन मानेला. बघता बघता डोळा सुजून मिटला. पण त्याच्या मुठी तसूभर सैल झाल्या नाहीत.

"वा रे पठ्ठ्या!" बाभळीपासून आप्पा पुटपुटले. आपण या पोरावर उगाच शंका घेतली, याची त्यांना लाज वाटली. हा काही दोर सोडायचा नाही. त्यांनी पागोटं सोडून तोंड पुसलं.

माश्या पांगल्या. खालून आरोळी आली, "भरला रं हंडा! ओढ आता!"

सटवानं ओढलं. एक हात, दोन हात, तीन हात. मग तो थांबला.

"काय झालं बे? ओढ की!"

सटवानं मान वळवली नाही. सुजलेल्या ओठांतून हळूच विचारलं, "अक्का, काय करू?"

सारजाबाईनं तोंडावरचं घोंगडं बाजूला केलं. एकदा आपल्या हाताकडं पाहिलं, एकदा भामाबाईकडं. भामाबाईनं नुसती मान डोलावली.

"सोड," सारजाबाई म्हणाली. "पुढं कसं रडायचं ते मला हिनं शिकवलंय. हिला हिच्या आधीचीनं शिकवलं हुतं."