टोपीतले कवडसे

ग्रहण लागलं तशी लोरीननं पडदे ओढून घेतले. सूर्य मरत असताना त्याच्याकडे टक लावून बघणं अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या घरात चालत नाही. खाणं नाही, पाणी नाही, झोपसुद्धा नाही.

तिचा नवरा हार्लन मात्र पर्यटकांना घेऊन टेकडीवर गेला होता. जाताना म्हणाला, "बस तू अंधारात, तुझ्या आईसारखी."

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता.

ग्रहण सुटल्यावर तिनं दार उघडलं. ग्रहणात कोरीसारखे होणारे उन्हाचे कवडसे दारातल्या झाडाखाली पुन्हा नेहमीसारखे गोल पडले होते. तेवढ्यात हार्लन मक्याचं कणीस खात अंगणात आला.

"बघ, चांगला धडधाकट आहे! डोळे भरून पाहिलं. काय झालं मला?"

त्याच्या गवती टोपीच्या विणीतून ऊन झिरपून चेहऱ्यावर पडलं होतं. ते कवडसे गोल नव्हते. प्रत्येकाचा कुणीतरी लचका तोडला होता, नुसती कोर उरली होती. आणि त्या कोरी बघता बघता बारीक होत चालल्या होत्या.

"अगं, अशी काय बघतेस?"

ग्रहणाकडे बघायचं नसतं. लोरीननं मान खाली घातली आणि दार लावून घेतलं.