सगळं मान्य

"पोटुश्या बायकांचीही मागणी मान्य!" कार्तिक फोनवर ओरडलाच. "भवानी, सगळं मान्य केलं त्यांनी. सगळं!"

भवानी झोपाळ्यावरून उठून उभी राहिली. कुंभकोणमच्या त्या अरुंद घरात मोठ्यानं हसायची सवय कधीच मोडली होती. आतल्या खोलीत तिचे अप्पा, चंद्रमौळी, सुजलेले पाय उशीवर ठेवून पडलेले असत. साखरेनं त्यांची मूत्रपिंडं खाल्ली होती. तरी आज ती हसली.

भवानी विमानात काम करायची. लोक हवाईसुंदरी म्हणत, तो शब्द तिला मुळीच आवडत नसे. विमानाचं दार बंद झालं की मगच पगाराचं घड्याळ सुरू व्हायचं. त्याआधी प्रवासी बसवा, त्यांच्या बॅगा वर चढवा, धुकं हटेपर्यंत त्यांची बोलणी खा, ते सगळं फुकट. दोन फेऱ्यांमध्ये धड झोप नाही. बाई पोटुशी दिसली की बिनपगारी घरी. दोन वर्षं संघटना कंपनीशी भांडत होती आणि बोलणी करणाऱ्या तिघांत कार्तिकबरोबर भवानीही होती. कंपनीचा अधिकारी कृष्णकुमार म्हणजे पाण्याच्या बाटलीवरूनही वाद घालणारा माणूस. त्यानं आज एका बैठकीत सगळं देऊन टाकलं, आणि वर विचारलं, "आणखी काही राहिलंय का?" आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

"तुझा होकार तेवढा हवा," कार्तिक म्हणाला. "तू हो म्हण, मी तिघांच्या वतीनं सही करतो. संपाची नोटीस मागे घ्यायची आणि पुढची दोन वर्षं ना संप, ना कोर्ट. त्यांची एवढी एकच अट आहे."

"जरा थांब. अप्पांना सांगते आणि लगेच फोन करते."

अप्पांना आधी सांगायलाच हवं होतं. भांडायला तिला शिकवलं होतं अप्पांनी. मोठ्या बाजारात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक निम्म्या किमतीवर यायचं, अप्पा कपाळाला हात लावायचे, गिऱ्हाईक पायरी उतरायचं, अप्पा मागून हाक मारायचे. शाळा सुटली की भवानी दुकानात बसून हा तमाशा बघायची. पुढे बोलणी करताना तिला त्याचाच उपयोग झाला.

आजचा दिवसच तिचा होता. सकाळी ती अप्पांच्या पथ्यावरून डॉक्टरांशीसुद्धा भांडून आली होती. मीठ नाही, साखर नाही, बटाटा नाही, पाणीही मोजून. माणसानं जगायचं तरी कशासाठी, असं तिनं तोंडावर विचारलं. एरवी डॉक्टर पथ्याच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत. आज त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "जे मागतील ते द्या."

घरी येऊन तिनं आईला ही बातमी दिली, तीही अशी, की जणू किल्ला सर करून आली आहे. आई, शिवकामी, स्वयंपाकघरात गेली. तिनं मुकाट्यानं बटाटे उकडायला टाकले. भवानीला तिचा रागच आला. चांगली बातमी आली तरी या बाईचा चेहरा तोच.

आता अप्पा भिंतीला टेकून इडली आणि कडप्पा खात होते. मूगडाळ आणि बटाट्याच्या त्या पातळ भाजीवर त्यांचा फार जीव. पथ्य सुरू झाल्यापासून घरात तिचा वासही आला नव्हता. ते सावकाश खात होते, एकेक घास तोंडात ठेवून.

"अप्पा, कंपनीनं अस्की दिल्हं!" भवानी म्हणाली. बाहेर तमिळ बोलून दमलेली तिची जीभ घरात आली की आपोआप पूर्वजांच्या त्या जुन्या मराठीवर यायची.

"अस्की?"

"अस्की. एकही मागणी सोडली नाहीं."

"कितीदां नाहीं म्हणटला तो?"

"एकदांही नाहीं."

अप्पांचा हात ताटात थांबला. मग त्यांनी विचारलं, "भवानी, दुकान मोडलं त्या आठवड्यांत मीं कोणाशीं घासाघीस केली कां, गे?"

तिला तो आठवडा आठवला. एका बाईनं भल्या मोठ्या पातेल्याला निम्मी किंमत सांगितली होती आणि अप्पांनी एक शब्द न बोलता ते कागदात बांधून दिलं होतं. बाई हसत हसत गेली. आपले अप्पा किती उदार, असं तेव्हा लहान भवानीला वाटलं होतं. मग तिला चेन्नईच्या विमानतळावर एका कडेला उभी असलेली कंपनीची विमानं आठवली. इंजिनाचा भाग यायचाय, असं सगळे म्हणत होते. तो भाग काही आला नव्हता.

तिनं तिथूनच फोन लावला. "कार्तिक, सही करू नकोस. आधी त्यांना विचार, कंपनीचे आणखी किती दिवस उरलेत."

फोन ठेवून तिनं वर पाहिलं. दारात आई उभी होती, तोंडाला पदर लावून. अप्पा भवानीकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कधी नव्हे ते, राग नव्हता की त्रास नव्हता.

"डॉक्टराला मात्र तें विचारूं नको, गे," ते म्हणाले. "कॉफींत साखर घाल."