दोरीवरचा सदरा

सोनबा बसला होता त्या खुर्चीखाली पाण्याचं थारोळं साचलं, तशी डॉक्टर अनुपमाबाईंनी टेबलावरचे कागद स्वतःकडे ओढून घेतले.

"एवढा घाम कधीपासून येतो?"

"ल्हानपणापासनं," उत्तर गोदूबाईनंच दिलं. "लग्नात हात धरला ह्यांनी, तर माझी हळद ओघळली. पण पुरातनं आल्यापासून जास्त."

कुडपणाहून महाडला तिघं आले होते: नवरा-बायको आणि भावकीतला भागोजी. भागोजी सोबतीला नव्हता आला. गावकीचे डोळे घेऊन आला होता. सावित्रीच्या पुरात वाहून गेलेल्या सोनबाचा दहावा चालू होता. कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. आणि खोटं कशाला सांगा, तेवढ्यात सोनबाच चिंब भिजलेला वाटेनं चढून आला! माणूस जिता, मग कावळा शिवेल कसा, म्हणून लोक रडता रडता हसले होते. पण नंतर तो बसेल तिथं ओल. कुजबुज वाढली. सोनबाला घरात ठेवायचं की भगताकरवी घालवायचं, ते आज डॉक्टरच्या बोलण्यावर ठरणार होतं.

डॉक्टरांनी बीपीचा पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "मशीन रुसलंय आज. सेल गेले वाटतं." मग त्यांनी सोनबाचा तळवा पुसला. बोळा टाकेपर्यंत तो परत भिजला. "गार पडतात असे हात. घामाच्या ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतात, बाकी काही नाही."

"म्हंजे बाधा नाय?" भागोजी पुढं सरकला.

"अहो, आजार आहे हा. शर्ट वाळला की पाठीवर पांढरे डाग पडतात ना?"

"पडतात की! रोज सांजच्याला वैनी अंगातला सदरा दोरीवर टाकते. मिठाचे नुसते नकाशे! आमच्यात म्हणतात, बुडालेल्याच्या अंगालाबी पाणी सुटतं, पण त्यात मीठ नसतं. त्या सदऱ्यापायीच तर भगताला थोपवलाय मी."

"मग झालं. घामातून मीठ जातं, काकू. ह्यांना लिंबू-मीठ घालून पाणी देत जा."

सोनबा उठून दारापाशी जाऊन उभा राहिला.

"मीठ वर्ज्य हाय त्यांना," गोदूबाई घाईनं म्हणाली. "बीपी हाय. अळणीच जेवतात."

बाहेर आल्यावर भागोजीनं सोनबाच्या पाठीवर थाप मारली आणि हात लेंग्याला पुसला. "दादा, सुटलास! गावकीत मी बोलतो."

पोलादपूरला गाडी बदलताना गोदूबाई अनिलच्या किराणा दुकानात शिरली.

"काकी, परत खडेमीठ? माणसं दोन, त्यातलं एक अळणी. लोणच्याचा कारखाना काढलाव काय?"

"म्हशीला लागतं रे."

"म्हस तर विकलीस ना गो?"

"तुला मीठ विकायचंय का म्हशीची चौकशी करायचीय?"

घरी पोचल्यावर सोनबानं सदरा काढून दिला आणि तो परसात जाऊन बसला. गोदूबाईनं आतून कडी लावली. वाटीभर कोमट पाण्यात मीठ विरघळवलं. बोटं बुडवून ती सदऱ्याच्या पाठीवर ओढू लागली: खांद्यांशी रुंद, कमरेशी निमुळता, लग्नापासून ती जसा धूत आली होती, अगदी तसा नकाशा.

भागोजीची रोजची यायची वेळ झाली, तसा तिनं सदरा दोरीवर टाकला. मग राखेनं हात खसाखसा घासून धुतले, हुंगून पाहिले, परत धुतले आणि मगच नवऱ्याला घरात यायला हाक मारली.